पीअर रिव्ह्यूचा हिशोब मांडताना

बढतीचा अर्ज भरायला घेतला. शोधनिबंध, पुस्तकातली प्रकरणं, परिषदा, हाताखालचे पीएचडीचे विद्यार्थी, समित्या, सगळ्याला रकाने होते. दुसऱ्यांचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापण्याआधी तपासून मत देण्यात, म्हणजेच पीअर रिव्ह्यूत, गेलेल्या संध्याकाळींना मात्र कुठेच जागा नव्हती. शोधता शोधता शेवटच्या पानावर ‘इतर शैक्षणिक सेवा’ अशी एक ओळ सापडली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘पुरावा जोडावा’.

आता पुरावा कशाचा जोडायचा? हे कामच नाव न सांगता करायचं. माझं नाव संपादकाला माहीत असतं, लेखकाला कळू द्यायचं नसतं, आणि पेपरबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही हे तर पहिल्या दिवशीच कबूल केलेलं. माझ्याकडे होत्या त्या फक्त आभाराच्या मेल, त्याही यंत्राने पाठवलेल्या. एक सहकारी म्हणाले, “आकडा टाका ना मॅडम, कोण मोजायला बसलंय?” पण अशा समितीवर मी स्वतः बसलेय. पुराव्याशिवायच्या आकड्यावरून नजर कशी सरकून जाते, ते मला चांगलं माहीत आहे.

सुरुवात जुन्या मेल उपसण्यापासून केली. सोबत एडिटोरियल मॅनेजर आणि स्कॉलरवन या, जर्नलं पेपर आणि रिव्ह्यू हाताळायला वापरतात त्या ऑनलाइन प्रणालींमधली खाती उघडली. पूर्ण केलेल्या रिव्ह्यूंची यादी तिथे असते, फक्त जवळजवळ प्रत्येक जर्नलचं खातं वेगळं आणि पासवर्डही वेगळा. हा भाग निव्वळ कंटाळवाणा आहे, त्याबद्दल जास्त सांगत नाही.

मग पब्लॉन्स. 2012 मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली ही सेवा नेमकी याच कामासाठी होती, रिव्ह्यूअरच्या कामाची पडताळून केलेली नोंद. 2017 मध्ये ती क्लॅरिव्हेट या कंपनीने घेतली आणि 2022 मध्ये वेब ऑफ सायन्स या आपल्या शोधनिबंधांच्या सूचीसेवेत विलीन केली. त्यामुळे जुन्या लेखांत पब्लॉन्सचं नाव वाचून शोधायला जाल तर आता वेब ऑफ सायन्सच्या प्रोफाइलवरच पोहोचाल. काही जर्नलं या सेवेला थेट जोडलेली असतात. तिथे रिव्ह्यू पाठवतानाच एका चौकटीत खूण केली की नोंद आपोआप जाते. बाकीच्यांसाठी आभाराची मेल पुढे पाठवायची आणि पडताळणी होण्याची वाट पाहायची. यंत्राने पाठवलेल्या त्या कोरड्या मेलनाही किंमत असते, हे तेव्हा कळलं.

ऑर्किडचं, म्हणजे प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख क्रमांक देणाऱ्या सेवेचं, गणित वेगळं. आपल्या सोळा अंकी आयडीच्या पानावर शोधनिबंध आपले आपण भरता येतात, पीअर रिव्ह्यू मात्र स्वतःच्या हाताने भरताच येत नाही. ती नोंद प्रकाशकाने किंवा अशा एखाद्या सेवेनेच पाठवायची, आपण फक्त परवानगी द्यायची. आधी हे जाचक वाटलं, पण समितीपुढे नेमकं हेच उपयोगी पडतं. जे मी स्वतः लिहूच शकत नाही, त्यावर शंका कोण घेणार?

तारखांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. वेब ऑफ सायन्सवर रिव्ह्यूचा मजकूर आपोआप उघड होत नाही, जर्नलचं नाव आणि वर्ष एवढंच दिसतं. हे योग्यच आहे. आमच्या विषयात माणसं मोजकी. एखादं जर्नल वर्षाला मूठभर पेपर छापत असेल आणि मी अमुक महिन्यात तिथे रिव्ह्यू केला असं जाहीर झालं, तर लेखकाला माझं नाव ओळखायला चहा संपेपर्यंतचा वेळही लागणार नाही. म्हणून अर्जातही पेपरची शीर्षकं कुठे येऊ दिली नाहीत.

अडलं ते लहान जर्नलांपाशी. तिथे ना प्रणाली ना पोचपावती. संपादक मेलवर पेपर पाठवतात, आपण मेलवर मत कळवतो, संपलं. काही जर्नलं वर्षअखेरीच्या अंकात रिव्ह्यूअरांची नावं छापतात, ती पानं मिळाली. उरलेल्या एका संपादकांना पत्र मागितलं. त्यांनी सरसकट दाखला न देता लिहिलं, की यांच्या रिव्ह्यूमुळे एका पेपरातलं विश्लेषण मुळातून बदललं. त्या ओळीसाठी मी बाकीची सगळी प्रमाणपत्रं सोडायला तयार होते.

तो पेपर मला चांगला आठवतो. गोपनीयतेमुळे विषय सांगत नाही, चूक तेवढी सांगते. साठ जण, तीस-तीसचे दोन गट, प्रत्येकाचं मापन दोनदा. दोन गटांची तुलना टी-चाचणीने, म्हणजे दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते पाहणाऱ्या चाचणीने, केलेली, आणि तक्त्यात डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे स्वतंत्र मापनांच्या संख्येतून गटांची संख्या वजा करून येणारा आकडा) 118. साठ माणसांतून दोन गटांचे दोन वजा केले की फार तर 58 निघतात. म्हणजे एकाच माणसाची दोन मापनं दोन वेगळी माणसं धरून मोजली होती. तक्ता नीटनेटका, निष्कर्ष ठळक, भाषाही उत्तम. फक्त त्या एका आकड्यापाशी थांबावं लागतं, मागे जाऊन पद्धतीचा भाग पुन्हा वाचावा लागतो आणि कागदावर गणित करून पाहावं लागतं. प्रोफाइलवर त्याची नोंद झाली ‘एक’. ‘पेपर चांगला आहे, छापावा’ असं दोन ओळींत उरकणाऱ्याचीही नोंद ‘एक’च.

माझी खरी तक्रार इथे आहे. पब्लॉन्सच्या 2018 च्या अहवालात म्हटलं होतं, की दहा टक्के रिव्ह्यूअर निम्मे रिव्ह्यू करतात. त्या दहा टक्क्यांची नोंद व्हायलाच हवी. पण नुसते आकडे मोजायला लागलो तर पेपरांच्या मोजणीने जे झालं, दर्जा मागे पडून संख्या वाढवायची चढाओढ, तेच रिव्ह्यूंचंही होईल.

मोजण्याऐवजी दाखवता येईल अशीही एक वाट आहे. 2017 पासून क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडे रिव्ह्यूसाठी डीओआय, म्हणजे ऑनलाइन दस्तऐवजाचा कायमचा ओळख क्रमांक, नोंदवता येतो. एफ1000रिसर्च या प्रकाशन मंचावर रिव्ह्यू रिव्ह्यूअरच्या नावासकट छापले जातात. नेचर या जर्नलने 2025 मध्ये जाहीर केलं, की नव्याने येणाऱ्या आणि पुढे छापल्या जाणाऱ्या पेपरांसोबत रिव्ह्यूही प्रसिद्ध होतील. रिव्ह्यूअरने सांगितलं तरच त्याचं नाव उघड होईल. मी एका जर्नलसाठी सही करून रिव्ह्यू दिला होता, त्याचा डीओआय अर्जाला जोडला. पण बहुतेक ठिकाणी हे छापल्या जाणाऱ्या पेपरांपुरतंच. नाकारलेल्या पेपरावर केलेली मेहनत, जी बहुधा जास्त असते, कुठेच दिसत नाही. आणि नुकत्याच लागलेल्या माणसाने एखाद्या बड्या प्राध्यापकाच्या पेपरावर सही करून टीका करावी, असा सल्ला मी तरी देणार नाही.

प्रकाशन शुल्कात सवलतीची कुपनं देणारे प्रकाशकही आहेत. पुढचा पेपर आमच्याकडेच द्या, एवढाच त्याचा अर्थ. ती मी जोडली नाहीत. उलट 2021 मधल्या एका अभ्यासाचा हवाला दिला. जगभरच्या रिव्ह्यूअरांनी 2020 या एका वर्षात दहा कोटींहून जास्त तास या कामाला दिले असा त्याचा अंदाज आहे, आणि त्यातला बहुतेक वेळ बिनपगारी.

मुलाखतीत पहिला प्रश्न आला, “याचे पैसे मिळतात का?” नाही म्हटल्यावर दुसरा, “मग करता कशाला?” मी म्हटलं, “सर, माझे पेपरही कोणीतरी असेच तपासलेत.” यावर कोणी काही बोललं नाही, पण बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी संपादकांचं पत्र मागून घेतलं आणि सावकाश वाचलं. बढती मिळाली. त्यात ‘इतर शैक्षणिक सेवा’ या ओळीचा वाटा किती, ते कळायला मार्ग नाही, कारण तिला गुणच नेमलेले नाहीत.

आता प्रत्येक रिव्ह्यूनंतर मी त्याच दिवशी नोंद पाठवते, आणि इतर रिव्ह्यूअरांची मतं व अंतिम निर्णय आपणहून कळवला नसेल तर संपादकांकडे मागते. मिळाला तर तोही एक मोबदलाच, आपण काय पाहिलं आणि आपल्याकडून काय सुटलं ते कळतं. अर्जाच्या नमुन्यात बदल सुचवायला विभागप्रमुखांनी मसुदा मागितलाय. त्यात मी एकूण संख्येचा रकाना ठेवलेला नाही. उमेदवाराने पडताळलेली नोंद जोडावी आणि कोणत्याही दोन रिव्ह्यूंबद्दल संपादकांचं पत्र द्यावं, एवढंच लिहिलंय. पत्र लिहायला संपादकांना वेळ कुठून मिळणार, हा आक्षेप आधीच आलाय आणि तो खराही आहे. त्यासाठी आता अर्ध्या पानाचा एक नमुना करतेय.