एवढी मोठी उल्का, आणि आधी कुणालाच कशी दिसली नाही?

परवा रात्री भोरहून पुण्याला येताना चहाला थांबलो होतो, तेवढ्यात पूर्वेकडून एक उल्का आली, नेहमीची बारीक रेघ नाही हां, आधी हिरवट मग पांढरीशुभ्र, आमच्या सावल्या रस्त्यावर पडल्या इतका उजेड, आणि शेवटी दोन तुकडे होऊन डोंगरामागे गेली. फार तर चार सेकंद. टपरीवाले काका म्हणाले, "सॅटेलाइट पडला काय हो?"

त्यांना तसं वाटणं साहजिक आहे, 2 एप्रिल 2022 ला विदर्भात सगळ्यांनी आकाशात जे जळताना बघितलं ते चिनी रॉकेटचे तुकडे होते, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मोठी धातूची रिंगच सापडली. पण रॉकेटचे तुकडे कक्षेतून घसरत, हळू येतात, बराच वेळ दिसत राहतात. उल्का सेकंदाला 11 ते 72 किमी वेगाने घुसते, बघता बघता खेळ खल्लास.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला नासाकडे एवढ्या दुर्बिणी असून कळलं कसं नाही? मला हा प्रश्न फार आवडतो. एवढा उजेड पाडायला कलिंगडाएवढा दगडही पुरतो. हवेत घुसेपर्यंत तो थंड, काळपट असतो, लाखो किलोमीटरवरून त्याच्यावरचा ऊन्हाचा कवडसा कुठल्या कॅमेऱ्याला दिसणार? चार मीटरचा 2008 टीसी3 नावाचा लघुग्रह अ‍ॅरिझोनातल्या कॅटलिना सर्व्हे या लघुग्रह शोधणाऱ्या दुर्बीण-मोहिमेला दिसला तो सुदानवर पडायच्या जेमतेम 20 तास आधी, आणि पडण्याआधी सापडलेला तो पहिलाच!

पण खरी भीती वाटते ती सूर्याच्या दिशेने येणाऱ्यांची. जमिनीवरच्या दुर्बिणी रात्री बघतात, दिवसाच्या आकाशातून येणारा दगड, आधी कधी रात्रीच्या आकाशात सापडलेला नसेल तर, त्यांना दिसत नाही. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर साधारण 20 मीटरचा आला तो असाच, सकाळी, सूर्याच्या बाजूने. म्हणून नासाची निओ सर्व्हेयर दुर्बीण मला इतकी महत्त्वाची वाटते, ती पृथ्वीपासून 15 लाख किमी सूर्याकडे जाऊन बसणार आणि उजेडाऐवजी दगडांची उष्णता बघणार, 2027 मध्ये सोडायचा बेत आहे.

तोवर तुम्हाला अशी उल्का दिसली तर वेळ, दिशा, क्षितिजापासून किती वर होती एवढं लगेच लिहून ठेवा आणि इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनच्या फॉर्मवर टाका, वेगवेगळ्या गावांतून नोंदी आल्या की तिचा मार्ग काढता येतो. आणि उजेड फारच प्रचंड असेल तर खिडकीशी जाऊ नका. चेल्याबिन्स्कला लोक उजेड बघायला खिडकीत गेले आणि धक्क्याची लाट नंतर आली, दीड-दोन मिनिटांनी, हजारावर लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी.