मोटारींच्या इतिहासासाठी थेट डेट्रॉइट गाठण्याआधी हे वाचा

"अमेरिकन मोटारींचा इतिहास ना? मग डेट्रॉइटला जा, सगळं तिथेच मिळेल." निघण्याआधी तिकडे राहून आलेल्या दोघांनी मला हे छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खरं नाही. कारखाना कुठे उभा होता याच्याशी कागदांना काही देणंघेणं नसतं. मालकी कोणाची होती ते आधी शोधा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.

माझा विषय मुंबईतल्या दोन अमेरिकन जुळणी कारखान्यांमागचा पैसा. फोर्डची इथली कंपनी 1926 ची, जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना 1928 चा. फोर्डची मुंबईची कंपनी डेट्रॉइटच्या नव्हे, तर फोर्ड कॅनडाच्या हाताखाली होती. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या बाजारपेठा 1904 पासून त्या कॅनडाच्या कंपनीकडे सोपवलेल्या. त्यामुळे डेट्रॉइटशेजारच्या डिअरबॉर्नमध्ये फोर्डचे जुने कागद ठेवलेल्या बेन्सन फोर्ड संशोधन केंद्राच्या सूचीत 'बॉम्बे' शोधत बसू नका, आधी कॅनडाच्या नोंदी उघडा. आणि फोर्ड कॅनडा जिथे होती ते विंडसर शहर डेट्रॉइटहून नदीपलीकडे डोळ्यांना दिसतं म्हणून सहज जाऊन येऊ असं समजू नका. भारतीय पासपोर्टवर फिरायला आलेल्यांना कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो आणि तो घरूनच काढून निघावं लागतं.

डिअरबॉर्नला वेळ आधी ठरवूनच जायचं. तिथे प्रत्येक संग्रहाला दाखलक्रमांक असतो आणि मागणी त्याच क्रमांकाने करायची असते. 1 म्हणजे हेन्री फोर्डच्या फेअर लेन घरातले कागद, 65 म्हणजे 1950 च्या दशकात जुन्या कामगारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखती. या 65 पैकी पुष्कळ मुलाखती संगणकावर घरबसल्या वाचता येतात. त्यांच्यासाठी तिथली एक सकाळसुद्धा घालवू नका. गाडी नसेल तर 'वुल्व्हरीन' आगगाडी डिअरबॉर्न आणि डेट्रॉइट अशी दोन्हीकडे थांबते, पण तिच्या वेळेवर विसंबून भेटीची वेळ घेऊ नका.

डेट्रॉइटमध्ये वेन स्टेट विद्यापीठाच्या रूथर लायब्ररीत मोटार कामगारांच्या संघटनेचे कागद आहेत. काम सुरळीत झालं, सांगण्यासारखा त्रास नाही. वुडवर्ड रस्त्यावरची ट्राम फुकट आहे, तिने जा. एकाच ठिकाणी जाणं जमणार असेल तर माझं मत रूथरला. जनरल मोटर्सच्या फ्लिंटमधल्या कारखान्यांतला 1936-37 चा बैठा संप आणि 26 मे 1937 ला फोर्डच्या रूज कारखान्याच्या पुलावर संघटनेच्या लोकांना झालेली मारहाण कंपनीच्या फायलींमधून कळत नाही, कामगारांच्या कागदांतून कळते. मारहाणीचे फोटो आज आपल्याला दिसतात ते 'डेट्रॉइट न्यूज'च्या छायाचित्रकाराने फोटोच्या काचेच्या प्लेटा गाडीच्या मागच्या सीटखाली लपवल्या म्हणून.

आता हॅगली. डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीच्या काठी ड्युपॉन्ट घराण्याने 1802 मध्ये बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला, त्याच आवारात हे ग्रंथालय आहे. पहिल्या महायुद्धात ही बंदुकीची दारू विकून आलेला पैसा ड्युपॉन्ट कंपनीचा खजिनदार जॉन रॅस्कोब याच्या सल्ल्याने 1917 च्या अखेरीपासून जनरल मोटर्समध्ये ओतला गेला. 1920 मध्ये पिएर ड्युपॉन्ट जनरल मोटर्सचा अध्यक्षच झाला. घराण्याच्या कंपनीकडे सुमारे 23 टक्के शेअर होते, आणि ही पकड सुटायला 1957 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. पिएर आणि रॅस्कोब या दोघांचेही कागद हॅगलीत आहेत. 1920 च्या दशकात जनरल मोटर्स कोणी आणि कशी सावरली हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याने डेट्रॉइटआधी इथे यावं.

पण पोचायचं कसं, ते कोणी सांगत नाही. फिलाडेल्फियाहून विल्मिंग्टनपर्यंत लोकल आहे, तिथवर ठीक. पुढचे काही मैल जिवावर आले. संग्रहालयाचं फाटक वेगळं आणि ग्रंथालयाचं वेगळं, बक रोडच्या बाजूला. टॅक्सीवाल्याने मला संग्रहालयाच्या फाटकावर उतरवलं, "तेच आहे" म्हणाला आणि निघून गेला. तिथून चढाचा रस्ता, मोठ्या टप्प्यात पदपथच नाही. शेजारून गाड्या सुसाट, पाठीवर लॅपटॉप आणि वर ऊन. एकट्या बाईने हा रस्ता चालू नये आणि पुरुषानेही चालू नये. टॅक्सी बोलावताना 'हॅगली' एवढंच लिहू नका, बक रोडवरचा ग्रंथालयाचा पत्ता लिहा आणि चालकाला तोंडानेही सांगा.

परतताना त्याहून वाईट. संध्याकाळी तिकडे गाड्या कमी, आणि ॲपवर जाण्याच्या भाड्याच्या अडीचपट आकडा दिसत होता. दुसरा पर्याय नव्हता, दिले. ही सरळ लूट आहे. दोघेतिघे असाल तर दिवसभरासाठी गाडी भाड्याने घ्या, तीच स्वस्त पडेल. एकट्या असाल तर सकाळी आणणाऱ्याच चालकाशी परतीचं भाडं तिथल्या तिथे ठरवून टाका.

एवढं करूनही मी पुन्हा जाईन. रॅस्कोबचा पत्रव्यवहार हातात धरून वाचताना पायांची दुखणी आठवली नाहीत. खोके आधी कळवून काढून ठेवायला सांगा, कारण ऐनवेळी मागितलं तर वाट पाहण्यात सकाळ जाते. शाईचं पेन आत चालत नाही, पेन्सिल न्या. एका वेळी एकच फोल्डर उघडायचं, पानांचा क्रम मोडायचा नाही. प्रत्येक फोटो काढताना खोक्याचा आणि फोल्डरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चौकटीत येऊ द्या, नाहीतर घरी आल्यावर कोणतं पत्र कुठलं ते लागत नाही. आणि संध्याकाळच्या टॅक्सीसाठी फोनमध्ये चार्ज शिल्लक ठेवा.