सूर्यास्तासाठी आधी तिथी बघा

कोकणात सूर्यास्त टिपायला निघताना मंडळी आभाळ बघतात, घड्याळ बघतात, भरती-ओहोटी मात्र बघत नाहीत. खरी मजा तर पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर असते. लाट मागे सरली की ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर चार-दोन क्षण टिकतो आणि अख्खं आभाळ त्यात उतरतं.

हिशेब किनाऱ्यावरचाच, जुना: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला ऐन सूर्यास्ताला भरती आणि पुळण अरुंद. अमावास्या-पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा भरती सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. डिसेंबरात सूर्य सहाच्या पुढेमागे बुडतो, तेव्हा हे दोन दिवस किंवा लगेचची प्रतिपदा धरा. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांबवर हटतं.

डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यामागे सूर्य हवा असेल तर हिवाळ्यात किनाऱ्यावर उत्तरेकडे सरका.

सूर्याचं बिंब पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात. सेटिंग आधीच करून ठेवा: रॉ (कच्ची फाइल), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/११, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) डेलाइट. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा केशरी रंग धुऊन टाकतो. मीटरिंग, म्हणजे प्रकाशाचं मोजमाप, सूर्यावर नको, त्याच्या शेजारच्या आभाळावर करा. बिंब मोठं हवं तर लेन्स लांब लागते. २०० मिमीवर सेन्सरवरचं बिंब २ मिमीसुद्धा भरत नाही. अशा लेन्समधून, सूर्य तळपत असताना, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला (थेट काचेतून बघायच्या खिडकीला) डोळा कधीही लावू नका.

प्रतिबिंबासाठी कॅमेरा जमिनीपासून फूटभर उंचीवर आणा. ट्रायपॉडचे पाय आधीच दाबून वाळूत रुतवा, नाहीतर लाटेखालची वाळू सरकते आणि अर्धा सेकंद शटर उघडं ठेवून घेतलेला फोटो हलतो. लाट परत फिरली की लगेच बटण दाबा. पाण्याच्या रेघा तेव्हाच उमटतात.

सूर्य बुडाला की गर्दी उठते. तुम्ही थांबा. उंचावर विरळ ढग असतील तर पुढच्या दहा-वीस मिनिटांत ते खालून पेटतात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, हवा धुतलेली असते तेव्हा हा रंग फार सुंदर येतो. मार्च-एप्रिलमध्ये बरेचदा सूर्य क्षितिजाआधीच धुरकटात विरतो.

लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण काच ओरखडतात. आधी ब्लोअर (हवा फुंकायचा रबरी फुगा), मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ फडकं. ट्रायपॉडचे सांधेही त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा.