चार फुटी रीफ टँक : कोण आधी, कोण शेवटी

रीफ टँक म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. माझ्या टँकची मापं आधी सांगतो, म्हणजे पुढचं गणित कळेल. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. कागदावर अडीचशे लिटर, पण खडक आणि वाळू गेल्यावर खरं पाणी 200 लिटरच्या आसपास. क्षारता 35 पीपीटी (पाण्याच्या हजार भागांत 35 भाग क्षार), तापमान 26 अंश. सायकल, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजण्याचा काळ, पूर्ण झाली आहे, अमोनिया-नायट्राइट शून्यावर, गोगलगायी कामाला लागल्यात. कोरलमध्ये सध्या झोआ आणि मशरूम हे मऊ प्रकार, बस. कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही. त्यामुळे दुकानदार कितीही "मिळवून देतो ना साहेब" म्हणाला तरी तो विषय बंद.

आता मासे. हिरव्या-पिवळ्या-लाल चौकटींचा कंपॅटिबिलिटी चार्ट, म्हणजे कोणता मासा कोणाबरोबर नांदतो याचा तक्ता, सगळ्यांनी पाहिलाय. माझ्या मते तो अर्धीच गोष्ट सांगतो. रीफवरचे बरेचसे छोटे मासे एकेक कपार धरून राहतात, आणि चार फुटांत कपारी असून असणार किती? जो आधी येतो तो सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतो, मागून येणाऱ्याला मार. म्हणून मी यादी बनवताना प्रत्येक माशापुढे दोन गोष्टी लिहिल्या: राहणार कुठे आणि उतरणार कितवा. भित्रे आधी, दांडगे शेवटी.

पहिला मान फायरफिशला. एकच घेतला, दोन घेऊन जोडी जमली नाही तर एक दुसऱ्याला जगू देत नाही. दचकला की उडी मारतो, त्यामुळे टँकवर बारीक जाळीचं झाकण हवंच. सुरुवातीला खडकामागून फक्त डोळे दिसायचे. आता प्रवाहाकडे तोंड करून मधल्या पाण्यात स्थिर उभा राहतो, पाठीवरचा लांब काटा वरखाली करत, आणि फ्रोजन मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबी) समोर आली की टिपतो.

दुसरी एंट्री यलो वॉचमन गोबी हा तळाचा छोटा मासा आणि पिस्टल श्रिंप ही कोळंबी यांची, आणि खरं सांगायचं तर हा टँक मी यांच्यासाठीच लावला. कोळंबीला दिसतं अगदी कमी. ती दिवसभर बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो. बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या अंगावर टेकलेली असते. गोबीने शेपटी झटकली की कोळंबी उलट्या पावली आत. काल काच पुसायला हात घातला तेव्हा हे अगदी जवळून पाहिलं: आधी ती गेली, मग तो, आणि थोड्या वेळाने आधी त्याचं डोकं बाहेर. यांना ठेवायचं असेल तर वाळू दोन-तीन इंच हवी, त्यात बिळाचं छत धरायला खड्यांचे तुकडे मिसळलेले हवेत. मोठे खडक मात्र वाळूवर नाही, थेट तळाच्या काचेवर बसवा. कोळंबी पाया पोखरते, वाळूवरचा खडक आज ना उद्या काचेवर येणार.

फायरफिश मधल्या पाण्यात, गोबी तळाला. आता कपारींतला भाडेकरू. इथे रॉयल ग्रामा आणि सिक्सलाइन रॅस या दोन माशांमध्ये बरंच घोळलो. सिक्सलाइन सुंदर, स्वस्त, दिवसभर खडक धुंडाळणारा. पण तो एकदा स्थिरावला की दादागिरी सुरू करतो, आणि त्याच्यासमोर फायरफिश म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक. शिवाय नंतर त्याला पकडायचं तर सगळे खडक उपसा. ग्रामाच ठरला. मूळचा कॅरिबियनचा, त्यामुळे आपल्याकडे मिळेल तेव्हा महाग मिळतो. थांबायची तयारी आहे. जांभळा-पिवळा डॉटीबॅक हा दुसराच मासा ग्रामाच्या नावाने खपवतात, तेवढं बघून घ्या. त्याच्या दोन रंगांची सीमा सरळ कापल्यासारखी असते, ग्रामाची ठिपक्याठिपक्यांनी विरत जाते. आणि स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक!

क्लाउनफिश सगळ्यात शेवटी. माझी जात ऑसेलॅरिस; गोंडस दिसतो, पण आपला कोपरा ठरला की साफसफाईच्या हातालाही चावतो. टँकमध्येच पैदास झालेलेच घ्या. आपल्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) हॅचरीत क्लाउनफिश वाढवण्याचं तंत्र बसवलंय, तेव्हा समुद्रातून उपसलेले घ्यायचं कारण नाही. हे सगळे आधी नर असतात, जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. त्यामुळे दोन मोठे विकत आणून "जोडी जमेल" म्हणणं म्हणजे दोन माद्यांचं युद्ध. मी एक मोठा, एक लहान घेतलाय. ॲनिमोन (क्लाउन ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) नाही. त्याला मुरलेला टँक लागतो, आणि क्लाउनचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

दोघेही क्लाउन सध्या क्वारंटाइनमध्ये आहेत: वेगळा छोटा टँक, स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू-खडक काही नाही. क्रिप्टोकॅरियन या परजीवीचे पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध इथेच देता येतं. मुख्य टँकमध्ये ते घातलं तर कोळंबी आणि गोगलगायी संपल्या, शिवाय खडकात तांबं मुरतं ते वेगळंच.

नाकारलेल्यांमध्ये ब्लू टँग पहिला. मुलांची मागणी जोरात होती, पण तो फूटभर वाढतो आणि त्याला मोकळं पोहायला लागतं. मँडरिन माशाचं पोट कोपेपॉड या अगदी बारीक जिवंत कवचधारी जीवांवर चालतं; नव्या टँकमध्ये तो सुकतच जातो. निळे डॅम्सेल स्वस्त आहेत म्हणून दुकानदार सायकलसाठी गळ्यात मारतात, आणि मग मालक तेच. लायनफिशच्या तोंडात मावेल तो त्याचा घास.

क्लाउन पेलेट खायला लागलेत, अंगावर ठिपके नाहीत. ग्रामा मिळून त्याचं क्वारंटाइन होईपर्यंत ते तिथेच राहतील. सोडायचे तेव्हा संध्याकाळी दिवे बंद करून, आणि आधी जाळीच्या डब्यात टँकच्या आतच दोन-तीन दिवस, म्हणजे जुन्यांना नवे बघून सवय होईल. डब्याची जागा उजव्या टोकाला, गोबीच्या बिळापासून लांब.