मेरूच्या राखेवर जगणारे रोहित

टांझानियाला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो यांच्यासाठीच जातात. अरुशा राष्ट्रीय उद्यान शहराला लागून असले, तरी तिथे सिंह दिसण्याची आशा नसल्यामुळे ते सहज वगळले जाते. आमच्या सहलीतही त्याला जेमतेम अर्धा दिवस होता. तो आम्ही हट्टाने पूर्ण दिवस करून घेतला आणि माझ्या मते तोच सर्वांत सत्कारणी लागला.

साडेचार हजार मीटरहून उंच असलेला मेरू हा ज्वालामुखी उद्यानावर सर्वत्र लक्ष ठेवून असतो. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी त्याची पूर्वेकडची बाजू ढासळली, त्यामुळे विवर त्या अंगाने उघडे पडले आहे आणि आत नंतर वाढलेला राखेचा शंकूही दिसतो; १९१० मध्ये तिथून थोडी राख उसळली होती. आपल्या ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरातला काळा पाषाणही लाव्हाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असल्याने तिथे कधी आग होती हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

मेरूच्या त्या ढासळलेल्या मलब्याच्या खळग्यांत मोमेला तलाव साचले. पावसाचे पाणी राखेतून आणि लाव्हातून झिरपताना क्षार विरघळवून आणते, ते तळ्यांत साठून आटत राहते आणि पाणी सोड्यासारखे खारट होते. माशांना न मानवणाऱ्या अशा पाण्यात नील-हरित शैवाल मात्र फोफावते आणि चोच उलटी बुडवून ते गाळून खाणारे छोटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, तिथे येतात. ऐरोलीत खाडीकाठी राहणाऱ्याला फ्लेमिंगोचे अप्रूप ते काय असायचे! तरीही मी तिथे बराच वेळ खिळून राहिलो, कारण ठाण्याच्या खाडीत याच जातीच्या पक्ष्यांसाठी शैवाल वाढवण्यात आपल्या सांडपाण्याचा मोठा वाटा आहे, आणि इथे ते काम ज्वालामुखी करतो. अर्थात त्याचे देणे निर्भेळ नाही. त्याच खडकांतले फ्लोराइड पायथ्याच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात उतरते आणि अनेकांच्या दातांवर कायमचे तपकिरी डाग पडतात.

उद्यानातल्याच न्गुर्दोतो या दुसऱ्या विवरात उतरण्यास मनाई आहे, काठावरूनच खालच्या दलदलीतल्या रानम्हशी पाहाव्या लागतात. वरच्या दाट जंगलात काळ्या-पांढऱ्या कोलोबस माकडांच्या लांब झुपकेदार शेपट्या फांद्यांवरून लोंबताना दिसतात. ही माकडे मुख्यतः पाल्यावर जगतात आणि त्यांच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतोच.

सशस्त्र वनरक्षकाबरोबर पायी फिरण्याची इथे मुभा आहे आणि जीपच्या छपरातून डोकावण्यापेक्षा जिराफांच्या कळपाजवळून चालत तुलुलुसिया धबधब्यापर्यंत जाणे मला केव्हाही अधिक मोलाचे वाटते. त्यासाठी सकाळी लवकर निघावे, कारण दिवस चढला की मेरूचा माथा बहुधा ढगांत जातो.