बैठकीच्या रेकॉर्डिंगचं मास्टरिंग: आधी तानपुरा सांभाळा

ख्यालाच्या बैठकीचं दोन ट्रॅकचं रेकॉर्डिंग मास्टरिंगच्या, म्हणजे प्रकाशनाआधीच्या शेवटच्या आवाज-संस्काराच्या, सॉफ्टवेअरमध्ये टाकून तयार प्रीसेट लावला, की पहिला बळी तानपुऱ्याचा जातो. सतत चालणारा, फारसा न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारं साधन) धरून चालतं. तानपुरा नेमका तसाच वाजतो.

म्हणून सॉफ्टवेअर ऑडॅसिटी असो वा आरएक्स, गोंगाटाचा नमुना तानपुरे जुळायला लागण्याआधीचा हवा: पंखे, एसी चालू आणि बाकी शांतता. पाच-दहा सेकंद पुरतात, पण त्यासाठी रेकॉर्डर लवकर सुरू करावा लागतो. कपात ६ डेसिबलपर्यंतच ठेवा. १२ च्या पुढे गेलात की जवारी (तानपुऱ्याच्या तारेचा झंकार) पाण्याखालून आल्यासारखी डुचमळते.

विजेची घरघर काढताना जास्त जपायला हवं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर ५०, १००, १५० वर बसते. गायकाचा सा काळी एक असेल तर तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३८.६ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४ आणि खर्ज ६९. आता १०० वर क्यू १० चा नॉच (एका जागेचा अरुंद पट्टा कापणारा फिल्टर; क्यू जितका मोठा, पट्टा तितका अरुंद) लावला तर ९५ ते १०५ चा पट्टा कापला जातो आणि पंचमाचा पायाच पोकळ होतो. १५० वर तोच क्यू ठेवलात तर कोमल आणि शुद्ध, दोन्ही रिषभ त्यात सापडतात. क्यू ४० ठेवा, म्हणजे १०० वरचा पट्टा अडीच हर्ट्झवर येतो. मालकंसात पहिली तार मध्यमाला, ९२ च्या आसपास असते, तेव्हा १०० जरा मोकळेपणाने कापता येतं. थोडक्यात, पट्टी आणि राग माहीत नसताना नॉचला हात लावू नये.

ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणाऱ्या लो-कटचंही तेच. ८० हर्ट्झवर कापलंत की खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा दोन्ही जातात, ३०-३५ पुरे. सभागृहाचा गढूळपणा २५० ते ३५० मध्ये असतो, तिथे २ डेसिबल कमी केले तरी बास.

विलंबितातला आलाप आणि द्रुतातली तान यांतलं आवाजाचं अंतर कॉम्प्रेसरने (मोठे आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाने) भरू नका. व्हॉल्यूमची रेघ हाताने ओढा, सुरुवातीचा आलाप ३-४ डेसिबल उचला. टाळ्याही हातानेच ६-८ डेसिबल खाली घ्या. मधली दाद मात्र राहू द्या, ती बैठकीचाच भाग आहे. मग कॉम्प्रेसर: प्रमाण १.५:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) २०० च्या वर, दाब जास्तीत जास्त २ डेसिबल. रिलीज घाईचा असेल तर प्रत्येक ‘धा’बरोबर तानपुरा दबतो आणि वर येतो. साइडचेनला (कॉम्प्रेसर ज्यावरून दाब ठरवतो त्या आवाजाला) १५० हर्ट्झचा लो-कट दिला की हे बरंच थांबतं.

शेवटी लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन), ट्रू पीक म्हणजे आवाजाचं खरं शिखर -१ डेसिबलवर. लाउडनेस (एकूण जाणवणारा मोठेपणा) -१८ ते -१६ एलयूएफएस (त्याचं एकक) ठेवा. स्पॉटिफायचा आकडा -१४ आहे म्हणून तिथवर रेटलंत तर तबल्याच्या चाटेची (कडेवरच्या बोलाची) धार बोथट होते. फाइल शेवटपर्यंत २४ बिटची. डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक गोंगाट) १६ बिटला उतरवतानाच, एकदाच.

मूळ आणि मास्टर सारख्याच आवाजात लावून तुलना करा. गायक दम घेतो आणि तबला ठेक्यावर असतो, त्या जागा ऐका. तिथे तानपुरा अखंड ऐकू येत नसेल तर आधी नॉइज रिडक्शन बंद करून बघा, मग कॉम्प्रेसर.