तुम्ही विचारलंत म्हणून: खोक्याचे पैसे द्यायचे का?

"ताई, घड्याळ तेच, मॉडेल तेच. एकाकडे नुसतं घड्याळ आहे, दुसऱ्याकडे बॉक्स-पेपरसकट. दुसरा बरेच जास्त मागतोय. खोक्याचे एवढे पैसे द्यायचे का?" सेकंडहँड रोलेक्स, ओमेगा किंवा ट्यूडर घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण मला हे विचारतो. पुण्यात टिळक रस्त्याजवळचं आमचं दुकान दुरुस्तीचं. घड्याळं आम्ही विकत नाही. त्यामुळे हिला यात काही सुटत नाही, ही खरं सांगेल, असं लोकांना वाटत असावं.

तर ऐका. खोक्याचे देऊ नका. कार्डाचे, म्हणजे घड्याळासोबत येणाऱ्या कंपनीच्या वॉरंटी कार्डाचे द्या, पण पुढेमागे विकायचं मनात असेल तर. बिलाचे मात्र खुशाल द्या. गंमत अशी की बॉक्स आहे का, कार्ड आहे का, हे सगळे विचारतात. बिल आहे का, हे क्वचितच कुणी विचारतं.

खोक्याचं आधी उरकते. रिकामी खोकी वेगळी विकत मिळतात, कंपनीची अस्सल सुद्धा. कुणाचंही खोकं कुणाच्याही घड्याळाखाली ठेवता येतं, तेव्हा खोकं असणं हा कसलाच पुरावा नाही. शिवाय जुन्या खोक्यांना आपला पावसाळा मानवत नाही. आतला फोम आणि रेक्झिन काही वर्षांनी सुटायला लागतं. माळ्यावरून काढलेल्या खोक्यातलं घड्याळ माझ्याकडे येतं तेव्हा साखळीच्या फटीफटीत काळा चिकट भुगा बसलेला असतो, आणि तो ब्रशने काढता काढता नाकी नऊ येतात. खोकं ठेवायचं तर ठेवा, घड्याळ त्यात ठेवू नका.

खोक्याच्या तळाशी मात्र जरूर हात घालून बघा. पहिल्या मालकाच्या मनगटासाठी साखळीच्या काढलेल्या कड्या तिथे असतात. तो किडकिडीत असेल आणि तुम्ही चांगले भरलेले, तर त्या कड्यांवाचून घड्याळ हातात चढणार नाही, आणि कंपनीच्या अस्सल कड्या स्वस्त नसतात. कधी एखादी प्लास्टिकची पुडी सापडते. सर्व्हिसला दिलं तेव्हा बदललेले जुने काटे, जुनी चावी, नशीब असेल तर जुनी डायल. विंटेज घड्याळ असेल तर ती पुडी आख्ख्या खोक्यापेक्षा मोलाची. विकणाऱ्यालाही पुष्कळदा ती तिथे आहे हे माहीत नसतं.

आता कार्ड. लोकांना वाटतं, हे गाडीच्या आरसी बुकासारखं असतं. तसं ते नाही. आरसीवर मालकाचं नाव असतं, गाडी विकली की आरटीओत ते बदलतं. घड्याळाचं कार्ड एवढंच सांगतं की अमुक नंबरचं घड्याळ अमुक तारखेला अधिकृत दुकानातून विकलं गेलं. पुढे ते कुणाकुणाच्या हातावर गेलं, मधे चोरीला गेलं का, याबद्दल कार्ड गप्प असतं. त्यासाठी लंडनची वॉच रजिस्टर ही संस्था हरवलेल्या आणि चोरलेल्या घड्याळांचे नंबर नोंदवून ठेवते. मोठ्या रकमेचं घड्याळ असेल तर तिथे फी भरून नंबर तपासून घेता येतो.

तरीही कार्डाला भाव आहे, कारण कंपन्या दुसरं देत नाहीत. रोलेक्सचं कार्ड हरवलं की हरवलं. पाटेक फिलिप ही स्विस कंपनीही मूळ सर्टिफिकेटची दुसरी प्रत काढत नाही, जुन्या घड्याळांना आपल्या दप्तरातला उतारा तेवढा देते. २००६च्या आसपासपर्यंत रोलेक्सचा कागद म्हणजे खरोखर कागदच होता आणि त्यावर नंबर बारीक भोकांनी टोचलेला असायचा. तो उजेडासमोर धरून एकेक आकडा वाचायला मला अजून मजा येते. नंतर प्लास्टिकची कार्डं आली.

आणि जे कंपनी पुन्हा देत नाही ते बनवणारे निघतातच. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा मध्यंतरी रोलेक्सची स्टीलची सबमरिनर डेट घेऊन आला होता. विकणाऱ्याने दाखवायला म्हणून एका दिवसासाठी दिलेली. सोबत हिरवं खोकं, पुस्तिका, टॅग, कार्ड, सगळा जामानिमा. त्याने स्वतःही बरीच तपासणी केलेली. डायलच्या बाहेर जी चकचकीत उभी कड असते, तिच्यावर सहाच्या आकड्यापाशी नंबर कोरलेला असतो. तो आणि कार्डावरचा नंबर त्याने ताडून पाहिलेला. "ताई, एकन् एक आकडा जुळतो." जुळत होता, खरंच. पण कार्डावर विक्रीची तारीख होती २००८ची आणि घड्याळाची बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, होती सिरॅमिकची. स्टीलच्या सबमरिनर डेटवर सिरॅमिकची बेझल आली २०१० साली, त्याआधी तिथे अॅल्युमिनियमची पट्टी असायची. म्हणजे कार्ड एका घड्याळाचं आणि पुढ्यातलं घड्याळ भलतंच. नंबर कोरणाऱ्याने कार्ड समोर ठेवूनच नंबर कोरला, मग तो न जुळून जातो कुठे? मला मागचं झाकण उघडावंही लागलं नाही. मुलाने सगळा जामानिमा पुन्हा पिशवीत भरला आणि परत करून आला.

म्हणून कार्डावर तारीख, मॉडेल नंबर आणि घड्याळाचा प्रत्यक्ष अवतार हे तिन्ही एकमेकांशी बोलतात का ते बघायचं. कागद घड्याळाला तपासत नाही, घड्याळाने कागद तपासायचा असतो. हे फक्त आपल्याकडच्या बाजारालाच लागू आहे असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात १९५०च्या दशकातलं एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं होतं, आणि ओमेगानेच सांगितलं की आपल्या काही माजी कर्मचाऱ्यांचा त्यात हात होता. ज्यांच्या दप्तराकडे जगाने पुरावा म्हणून बघायचं, त्यांच्याच घरात हे घडलं.

बिलाकडे येते. इथे आपला देश आणि स्वित्झर्लंड यांत फरक पडतो. तिकडे कागद असला की किंमत वाढते, एवढाच मामला. आपल्याकडे १९६२चा कस्टम्स कायदा आहे आणि त्यात १२३ क्रमांकाचं कलम आहे. त्या कलमात सोन्याच्या जोडीला घड्याळांचं नाव सरळ लिहिलेलं आहे. ही वस्तू चोरून आणलेली आहे असं रास्तपणे वाटून अधिकाऱ्याने ती जप्त केली, तर ती तशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर नाही, ज्याच्याकडे सापडली त्याच्यावर. परदेशी घड्याळं चोरवाटेने येण्याच्या काळातलं हे कलम आहे, पण ते आजही लागू आहे.

आता विचार करा. तुमच्यासमोर दुबईच्या दुकानाचा शिक्का असलेलं कार्ड आहे आणि विकणारा सांगतोय, "मावसभाऊ हातात घालून आला." ड्यूटी भरल्याची पावती आहे का? नाही. म्हणजे ज्या कार्डापायी तुम्ही जास्तीचे पैसे मोजताय, तेच कार्ड घड्याळ परदेशात विकलं गेलं होतं याची साक्ष देतंय, आणि ते इथे कसं आलं हे सांगणारा कागद तुमच्याकडे नाही. भारतातल्या दुकानाचं बिल किंवा ड्यूटीची पावती सोबत असेल तर मी म्हणेन, चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत. परदेशी जाताना महागडं घड्याळ हातात असेल तर निघण्याआधी विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परतताना वाद होत नाही. तिथेही हेच बिल कामाला येतं. विम्याच्या वेळीही तेच.

"बिल हवं तर १८ टक्के वर पडतील," असं व्यापारी म्हणाला की बहुतेक जण गप्प बसतात. बसू नका. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने घड्याळ तुमच्या-माझ्यासारख्या माणसाकडून घेतलं असेल आणि त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, घेतलं नसेल, तर त्याला जीएसटी फक्त स्वतःच्या नफ्यावर भरायची सोय आहे, पूर्ण किमतीवर नाही. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. रोखीचा आग्रह धरणाऱ्याला हे गोड आवाजात सांगून बघा, बिल निघतं की नाही ते.

जुन्या, म्हणजे आजोबांच्या काळातल्या घड्याळांचं गणित निराळं. त्यांची खोकी कधीच गेलेली असतात, त्यामुळे ती नसल्याचं कुणी मनावर घेत नाही. तिथे धोका असतो पुन्हा रंगवलेल्या डायलींचा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, नव्या नवरीसारख्या नटलेल्या स्विस फाव्र-ल्युबा आणि आपल्या एचएमटी मांडलेल्या दिसतील. एक काकू सासऱ्यांची फाव्र-ल्युबा सी चीफ घेऊन आल्या होत्या. सोबत हिशेबाच्या वहीत जपलेलं, घडीवर फाटत आलेलं बिल, खाली रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही. बिलावर लिहिलेलं, "जेंट्स, स्टील, व्हाइट डायल." घड्याळाची डायल होती मोरपंखी निळी, वर नारिंगी रेघा. आयग्लास, म्हणजे डोळ्याचं भिंग, लावला तर अक्षरांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या खुणा कडेला जाऊन भिडलेल्या, आणि तारखेच्या खिडकीच्या काठावर आधीचा पांढरा रंग अजून डोकावत होता. मधे कधीतरी दुरुस्तीला दिलं असताना कुणीतरी हौसेने रंगवून दिलेलं. काकू म्हणाल्या, "तरीच! मामंजी असलं झगमगीत हातात घालतील, हे मला कधी पटलंच नाही." कुठलंही वॉरंटी कार्ड हे सांगू शकलं नसतं.

विकायचंच नसेल, आयुष्यभर हातात घालायचं असेल, तर बॉक्स-पेपर नसलेलं घड्याळ घ्यायला माझी काही हरकत नाही. उलट वाचलेल्या पैशांत नीट सर्व्हिस होते. २०२२च्या डिसेंबरात रोलेक्सने स्वतःच जुनी घड्याळं तपासून अधिकृत दुकानांतून विकायची योजना युरोपात सुरू केली. त्यात ते घड्याळ उघडून पारखतात आणि दोन वर्षांच्या हमीचं नवं कार्ड देतात. कंपनीसुद्धा शेवटी भरवसा ठेवते तो उघडलेल्या घड्याळावर. वर्षा-दोन वर्षांत विकून दुसरं घ्यायची खोड असेल, तर मात्र कार्डवालंच घ्या. आज तुम्हाला कार्डाचे जास्त द्यावे लागतात, तसेच उद्या तुम्हाला मिळतील. नुसतं घड्याळ घेऊन विकायला निघालात की समोरचा पहिल्या वाक्यातच भाव पाडणार.

बॉक्स-पेपरशिवाय नुसतं घड्याळ घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी मागचं झाकण कुणाकडून तरी उघडवून घ्या. माझ्याकडेच या असं नाही. साखळी सोडवून, जिथे कुठे नंबर असेल तो वाचून घ्या. साध्या कागदावर विक्रीची चिठ्ठी करा, तिच्यात तो नंबर, रक्कम, विकणाऱ्याचं नाव, सही आणि सोबत त्याच्या पॅनची झेरॉक्स. पैसे बँकेतूनच द्या. आधीच्या सर्व्हिसच्या पावत्या असतील तर त्या मागायला लाजू नका, मशीनला शेवटचा हात कधी लागला हे त्यांच्यावरूनच कळतं. आणि चिठ्ठीवर सही करायला विकणारा काचकूच करायला लागला, तर त्याच्याकडे खोकं, कार्ड, टॅग सगळं असलं तरी चहा पिऊन उठा.